कॅल्क्युलेटरचं कव्हर

कॅसिओच्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरला सरकवून बसवायचं एक कडक प्लास्टिकचं कव्हर येतं. त्याचा उपयोग इंजिनिअरिंगच्या पोरांना सांगायला नको. आतल्या बाजूला पेन्सिलनं लिहिलेलं तिरकं धरल्याशिवाय दिसत नाही आणि ओला अंगठा फिरवला की जातं. माझ्या कव्हरवर दोन ओळी होत्या, एक बेंडिंगचं म्हणजे वाकण्याचं सूत्र आणि एक टॉर्शनचं, म्हणजे पिळाचं. सेकंड इयर सिव्हिलच्या पोराला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल अशी ती सूत्रं. हे मी नंतर खूप जणांना ऐकवलं. ऐकणारा प्रत्येक जण म्हणायचा, मग लिहिलंस कशाला?

नोव्हेंबर २०२४. एंड-सेमचा तिसरा पेपर, स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स, आमच्या भाषेत एसओएम. चाळीसेक मिनिटं झाली असतील. स्क्वॉड आला, दोन सर आणि एक मॅडम. मॅडमनी माझ्या बाकावरचं कव्हर सहज उचलावं तसं उचललं आणि खिडकीच्या उजेडात धरलं.

"हे काय?"

"मॅडम, जुनं आहे ते," मी म्हणालो.

या वाक्याची कुठंच नोंद झाली नाही.

आमचं कॉलेज स्वायत्त आहे. पेपर काढणं, तपासणं, निकाल लावणं आणि कॉपी सापडली तर शिक्षा ठरवणं, सगळं घरातच होतं. डिग्री तेवढी विद्यापीठाची. मला परीक्षा विभागाच्या खोलीत नेलं. उत्तरपत्रिका काढून घेतली, शेवटच्या ओळीखाली लाल पेननं रेघ मारून वेळ लिहिली, कव्हर एका पाकिटात गेलं आणि पाकिटावर माझी सही झाली. राहिलेल्या पेपरसाठी दुसरी कोरी उत्तरपत्रिका मिळणार होती. पुष्कळांना वाटतं की पकडलं की हाकलून देतात. तसं नाही, पेपर पुरा लिहू देतात. फक्त आधी जबाब द्यावा लागतो, आणि जबाब लिहीत असताना पेपरचं घड्याळ थांबत नाही.

छापील फॉर्म होता. वर 'हमीपत्र', मधे चार रेघा मोकळ्या. समोरचे सर वाईट नव्हते, हे मुद्दाम सांगतो. त्यांनी पाणीही दिलं. म्हणाले, "लिही पटकन, तुझाच वेळ चाललाय. काय झालं ते लिही आणि चूक मान्य कर. मान्य करणाऱ्याला कमिटी सांभाळून घेते." मी लिहिलं:

'कॅल्क्युलेटरचे सूत्रे लिहिलेले कव्हर मी परीक्षेत वापरले. माझी चूक झाली. पुन्हा असे होणार नाही.'

सही, बैठक क्रमांक, तारीख. परत हॉलमध्ये येऊन मी टॉर्शनचं गणित सोडवलं. बरोबर आलं. कव्हरशिवाय.

त्या आठवड्यात सल्ल्यांना तोटा नव्हता. कमिटीपुढं रडायचं. घरात कुणी आजारी आहे म्हणायचं. शक्यतो वारलंय म्हणायचं. एका सिनियरनं तर कव्हर मित्राचं होतं असं सांगायला शिकवलं. मित्रही तयार होता, पण जबाबात मी आधीच 'मी' लिहून बसलो होतो. आईला वेगळीच धास्ती. जूनमध्ये केंद्राचा परीक्षांमधल्या गैरप्रकारांविरुद्धचा कायदा लागू झाला होता, आणि दहा वर्षं तुरुंग, एक कोटी दंड हे तिनं पेपरात वाचलं होतं. फोनवर तिचा आवाज फुटेना. नारायण पेठेतल्या आमच्या खोलीत एक जण एलएलबी करतो, त्याला आम्ही वकील म्हणतो. त्यानं तिला समजावलं की तो कायदा यूपीएससी, रेल्वे, बँका, नीट-जेईई असल्या केंद्रीय परीक्षांचा, आणि तोही पेपर फोडणाऱ्या टोळ्यांसाठी. परीक्षेला बसलेल्या पोरासाठी नाही. महाराष्ट्राचा १९८२चा वेगळा कायदा आहे. हॉलबाहेरच्या बोर्डावर त्याचं नाव असतं. आमच्यापैकी कुणीही तो बोर्ड कधी वाचला नव्हता, मी धरून.

डिसेंबरात निकाल लागले. माझ्या नावापुढं 'निकाल राखीव'. दोन दिवसांनी मेल आला: परीक्षेतील गैरप्रकाराच्या अनुषंगाने अमुक तारखेला सकाळी अकरा वाजता समितीसमोर पालकांसह उपस्थित राहावे. नाही आल्यास एकतर्फी निर्णय.

पालकांसह. म्हणजे आता आण्णांना सांगणं आलं. आईनं तोवर लपवलं होतं.

आण्णा एसटीत कंडक्टर आहेत. एकोणतीस वर्षं झाली. मला शिव्यांची अपेक्षा होती. पलीकडं बराच वेळ काही नाही, मागं स्टँडवरची अनाउन्समेंट तेवढी ऐकू येत होती. मग म्हणाले, "जबाब घेतला का?"

"हो."

"नक्कल?"

"नाही घेतली."

"काय लिहिलंस?"

मला शब्द आठवेनात. चूक मान्य केली, असं काहीतरी सांगितलं.

"काहीतरी म्हणजे? कागदावर काय हाय ते ठाव नाही तुला? त्यांना ठाव हाय."

मग त्यांनी मला अर्ज तोंडी सांगितला, मी फोन कानाला लावून लिहून घेतला. तीन मागण्या. माझ्यावर नेमका आरोप काय, ते लेखी द्यावं. स्क्वॉडचा अहवाल आणि माझा जबाब यांची प्रत द्यावी. आणि कुठल्या नियमाखाली काय शिक्षा होते, तो नियम दाखवावा. भाषा इतकी घोटीव की मी विचारलं, हे कुठून आलं? "बऱ्याच वर्षांआधी शिकलो हे, माझ्या केसमध्ये," ते म्हणाले, आणि पहिल्यांदा मला त्यांची केस कळली.

आषाढीची जादा गाडी. पंढरपूरच्या वाटेवर गाडीत मुंगी शिरायला जागा नाही. लाईन चेकिंगवाले चढले आणि मागच्या दोघांकडं तिकीट नाही, पैसे मात्र दिलेले. एसटीत याला डिफॉल्ट म्हणतात. गाडी थांबवून रोकड मोजली, वेबिल म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद तपासला, जबाब लिहायला सांगितला. आण्णा म्हणाले, पावसात उभं राहून लिहिला पण चार वेळा वाचला. 'पैसे घेऊन तिकीट दिले नाही' असं साहेब सांगत होता. आण्णांनी लिहिलं, 'पैसे घेतले, गर्दीमुळे तिकीट देणे बाकी होते.' मग चार्जशीट मिळालं, चौकशी झाली, युनियनचा माणूस बाजू मांडायला होता. एक वेतनवाढ थांबली. "दिलं नाही आणि द्यायचं राहिलं, यात माझी नोकरी होती," ते म्हणाले. त्या दोघांचं तिकीट खरंच राहून गेलं होतं का, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

परीक्षा विभागातल्या क्लार्कनं अर्ज वाचून माझ्याकडं वर बघितलं. असा अर्ज इथं कुणी देत नाही, म्हणाला. पण आवक शिक्का मारला आणि दुसऱ्या दिवशी झेरॉक्स दिल्या, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. मी त्या तिथंच जिन्यावर बसून वाचल्या. शिक्षेच्या तक्त्यात दोन ओळी माझ्या कामाच्या होत्या. परीक्षेशी संबंधित साहित्य जवळ सापडलं, तर त्या विषयाची परीक्षा रद्द. साहित्य सापडलं आणि वापरलं, तर संपूर्ण सत्राची परीक्षा रद्द. संपूर्ण सत्र म्हणजे पाचही पेपर, म्हणजे माझं इयर डाऊन, वर्ष वाया जाणं, नक्की.

आणि खाली माझ्याच अक्षरात: 'परीक्षेत वापरले'.

मला म्हणायचं होतं की ते कव्हर माझ्या कॅल्क्युलेटरला होतं. छत्री वापरली, चप्पल वापरली म्हणतो तसं. घाईत जे क्रियापद जिभेवर आलं ते मी कागदावर टाकलं, आणि ते तक्त्यातल्या खालच्या ओळीत बिनचूक जाऊन बसलं होतं. स्क्वॉडच्या अहवालात एक रकाना होता: 'जप्त साहित्य उत्तरपत्रिकेतील मजकुराशी जुळते काय?' तो कोरा होता. तो भरायची गरजच कुणाला पडली नव्हती, मी जबाबातच उत्तर दिलं होतं.

रात्री वकिलाला दाखवलं. तो खूश. त्याला शिकवलेलं काहीतरी पहिल्यांदाच खोलीत उपयोगी पडत होतं. त्यानं दोन खटले सांगितले. उत्तर प्रदेशच्या इंटरमिजिएट बोर्डानं १९५४च्या परीक्षेतल्या तीन विद्यार्थ्यांचे निकाल रद्द केले, पुढच्या वर्षीही बसू दिलं नाही, आणि त्यांना एका शब्दानं विचारलं नाही. १९६२ साली सुप्रीम कोर्टानं ठरवलं की अशी शिक्षा देणारी समिती एक प्रकारे न्यायनिवाडाच करत असते, तेव्हा पोराचं म्हणणं ऐकून घ्यावंच लागेल. मला हायसं वाटलं. मग त्यानं दुसरा सांगितला. हरियाणातला एक कंडक्टर. भरारी पथकाला त्याच्या गाडीत अकरा प्रवासी बिनतिकिटाचे सापडले, पैसे दिलेत म्हणाले, पण प्रवाशांचे लेखी जबाब नव्हते. त्याला कामावरून काढलं. १९७७ साली कोर्ट म्हणालं, अशा घरच्या चौकशीला पुराव्याच्या कायद्याचा काटेकोरपणा लागत नाही. विश्वास ठेवण्याजोगा काहीतरी पुरावा असला की झालं. म्हणजे तुझं ऐकतील, वकील म्हणाला, पण तुझ्याविरुद्ध फार काही सिद्ध करायची गरज नाही. तुझा जबाब पुरेसा आहे. आणि मला आत येऊ देणार नाहीत.

सुनावणीच्या दिवशी आण्णा पहाटेच्या गाडीनं स्वारगेटला उतरले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात पासची डायरी. स्वारगेटची भुयारी मेट्रो सुरू होऊन अडीच महिने झाले होते, म्हटलं दाखवू. सरकत्या जिन्यानं खाली जाताना मी त्यांना कंडक्टरचा खटला सांगितला. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "अकरा जणांचं मिळून भाडं किती होतं?" ते वकिलानं सांगितलं नव्हतं. फलाटाआधीच्या गेटवर मी मोबाईलचा क्यूआर टेकवला, दार उघडलं. आण्णा दाराकडं बघत राहिले. "ह्याला डिफॉल्ट लागत नसंल," म्हणाले.

आम्ही साडेदहाला पोचलो. आमच्यासारखी सात-आठ घरं त्या व्हरांड्यात उभी होती. मुलीबरोबर आलेली एक आई पदरात तोंड लपवून होती. एका पोराच्या सॉक्समध्ये मायक्रो झेरॉक्सची चळत सापडली होती आणि तोच सगळ्यात निवांत होता. पालक एकमेकांशी बोलत नव्हते. दवाखान्यात बोलतात, इथं नाही. आमचा नंबर आला तेव्हा पावणेएक वाजला होता.

आत लांब टेबल, पाच खुर्च्या, चार माणसं. पालकांनी मागं बसायचं. अध्यक्ष सरांनी फाईल उघडली. "कव्हरवर सूत्रं होती. कबूल?"

"हो सर."

"तुझंच अक्षर?"

"हो सर."

"जबाबात वापरलं म्हणून लिहिलंयस. मग प्रश्नच मिटला." त्यांनी फाईल मिटायला घेतली. माझ्या अंदाजानं तोवर दीड मिनिट झालं असेल. मी पाठ करून आलो होतो, छत्री-चप्पलसकट, पण घशातून आवाज निघेना. जे निघालं ते असं: "सर, वापरलं म्हणजे, आणलं." एक मॅडम हसल्या. वाईट हेतूनं नाही, हसू येण्यासारखंच होतं ते.

मागून आण्णा उठले. पालकांनी बोलायचं नाही, असं कुणीतरी म्हणालं. आण्णा म्हणाले, "बोलत नाही साहेब, एकच विचारतो. चाळीस मिनिटं लिहिलेला पयला पेपर तुमच्याकडं हाय. त्यात ती सूत्रं हायत का, बघितलं का कुणी? त्यो रकाना कोरा हाय."

खोलीत शांतता. एका सरांनी चष्मा लावून अहवाल बघितला, मग अध्यक्षांकडं. पाकीट मागवलं. पाकीट दुसऱ्या कपाटात होतं, किल्ली जेवायला गेलेल्या माणसाकडं होती. आम्हाला बाहेर बसवलं. पंचवीस मिनिटं. ती पंचवीस मिनिटं मी आयुष्यभर विसरणार नाही, कारण मी काय लिहिलं होतं ते मलाच आठवत नव्हतं. मी आधी टॉर्शनचं गणित घेतलं होतं का? की दुसऱ्या उत्तरपत्रिकेत? आण्णा शेजारी डबा उघडून बसले होते. "खा," म्हणाले. शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी, थंड.

परत आत बोलावलं. पहिल्या उत्तरपत्रिकेत शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंटच्या आकृत्या होत्या, दीड प्रश्न. त्याला कव्हरवरची सूत्रं लागत नाहीत, आधारांवरची बलं काढली की आकृती येते. हे सांगणारे सर स्ट्रक्चर्सचे होते. त्यांनीच रकान्यात लिहिलं, 'जुळत नाही', आणि खाली सही केली. मला वाटलं सुटलो. अध्यक्ष सर म्हणाले, "वापरलं नाही हे दिसतंय. पण आणलं होतंस. ते पुसत नाही." दोघांनीही मान डोलावली, आण्णांनी आणि मी.

परत स्वारगेटला आलो. गाडीला वीस मिनिटं होती. चहा घेताना आण्णांनी विचारलं, "कवा लिहिलं होतंस ते?"

"मिड-सेमला. अभ्यास करताना. पाठ व्हावं म्हणून."

"मग विसरलास?"

हे कमिटीनं विचारलं नव्हतं. स्क्वॉडनं नाही, वकिलानं नाही, फॉर्ममध्येही असा रकाना नव्हता. मी सगळीकडं 'विसरलो' असंच सांगत आलो होतो आणि सांगता सांगता मलाही ते पटायला लागलं होतं. पण आदल्या रात्री सेल चेक करताना मी कव्हर काढलं होतं. ट्यूबलाइट खाली मला त्या ओळी दिसल्या होत्या.

"रात्री दिसलं होतं," मी म्हणालो. "पुसलं नाही."

आण्णांनी कप ठेवला. तेवढ्यात त्यांची गाडी फलाटाला लागली. कंडक्टर ओळखीचा, त्यानं खिडकीतूनच हाक मारली. आण्णा चढले. खिडकीतून म्हणाले, "मेसचे पैसे भरलेत का?" मी हो म्हणालो. गाडी गेली.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. एसओएमची परीक्षा रद्द, बाकीचे चार पेपर ग्राह्य, पुढच्या परीक्षेला पुन्हा बसावं. निर्णय मान्य नसल्यास पंधरा दिवसांत प्राचार्यांकडं अपील करता येईल. वकील लगेच सरसावला. त्याचं म्हणणं, वापरलं नाही हे त्यांनीच लिहून दिलंय, मग कव्हर निष्काळजीपणात येतं, ताकीद देऊन सोडायला हवं. प्राचार्यांनी नाही ऐकलं तर यूजीसीच्या २०२३च्या नियमांप्रमाणं प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते, तिच्या निर्णयावर पंधरा दिवसांत लोकपालाकडं जाता येतं, आणि लोकपाल हा निवृत्त कुलगुरू, प्राध्यापक नाहीतर जिल्हा न्यायाधीश असतो. त्याला ही केस हवी होती, हे उघड होतं. मी अपिलाचा फॉर्म आणला. 'आपले म्हणणे थोडक्यात' या रकान्यात पेन्सिलनं लिहिलं, 'कव्हरवर सूत्रे असल्याचे माझ्या लक्षात नव्हते.' खोडलं. 'लक्षात राहिले नाही' असं लिहून बघितलं. तेही खोडलं. शब्दांचा खेळ आता मला येत होता, आण्णांनीच शिकवला होता, आणि पंधरा दिवस पुरेसे होते. फॉर्म गादीखाली राहिला आणि मुदत गेली. वकील माझ्याशी चार दिवस बोलला नाही.

मे २०२५ मध्ये बॅकलॉगवाल्यांच्या हॉलमध्ये मी पुन्हा एसओएम दिला. तोच वर्ग, पंखा बंद असलेला बाक. स्क्वॉड आला, त्याच मॅडम होत्या. त्यांनी मला ओळखलं की नाही कळलं नाही. कॅल्क्युलेटर उचलून मागूनपुढून बघितला आणि विचारलं, "याला कव्हर नाही?"

"तुमच्याकडंच आहे, मॅडम," मी म्हणालो. त्यांनी कॅल्क्युलेटर खाली ठेवला आणि पुढच्या बाकाकडं गेल्या. सत्तरपैकी एकेचाळीस पडले.